चिंचा आणि बीजगणित

बीजगणिताच्या पेपराला कॉपी पकडणाऱ्या पथकाच्या मॅडमनी दारातून दोनदा टाळी वाजवली आणि माझी सून मंगल बाकावरून उठून खाली फरशीवर उकिडवी बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. तुरुंगात गिनतीला बसतात तशी.

वर्गात सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. तिचं वय चौतीस. पथकाची गाडी फाटकात शिरली तेव्हाच पोरांनी खिशातल्या, मोज्यातल्या कॉप्या खाली टाकल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं ती कागदं फरशीभर फिरत होती आणि त्यांच्या मधोमध माझी सून बसली होती, खळ्यात सांडलेले दाणे वेचायला बसावं तशी. मॅडमना वाटलं, ही कागद लपवायला खाली वाकली. कुणालाही तसंच वाटलं असतं.

मी दाराशी होते. एका हातात पाण्याचा जग, दुसऱ्या हातात गिलास. परीक्षेपुरतं शाळेनं मला पाणी द्यायला ठेवलं होतं. टाळी मीही ऐकली. मीही खाली बसणारच होते, पण पाठ चौकटीला टेकलेली होती म्हणून मी उभी राहिले. सात वर्षं आम्ही दोघी सासू-सुना तसल्याच टाळीला खाली बसत होतो. एका खटल्यात, एका बराकीत.

याला आता तीन वर्षं झाली.

फेब्रुवारी लागला की आमच्या गल्लीत दोन आवाज सुरू होतात. एक चिंचा फोडण्याचा आणि दुसरा पाठांतराचा. नसीमच्या अंगणात आम्ही सात-आठ बाया दगड मांडून बसतो. नसीम आमची घरमालकीण. तिचा नवरा एरवी फळांचा गाडा लावतो आणि या दिवसांत आजूबाजूची चिंचेची झाडं मक्त्यानं घेतो. झोडपलेली चिंच पोत्यांनी अंगणात येऊन पडते. आधी टरफल काढायचं, मग शिरा ओढायच्या, मग लोखंडी बत्त्यानं हळूच ठोकून चिंचोका बाहेर काढायचा. जोरात ठोकलं तर चिंचोका फुटतो आणि गरात कच राहते. हळू ठोकलं तर निघत नाही. ठोका किती द्यायचा हे हाताला कळतं, सांगता येत नाही. पंधरा दिवसांत बोटांची सालं निघतात आणि आंबट त्या सालांत शिरतं. वास अंगाला असा बसतो की एसटीत शेजारची बाई पदर नाकाला लावून विचारते, चिंचा फोडता का.

भिंतीपलीकडं कुणाची तरी पोरगी नद्या पाठ करत असते. रोज त्याच नद्या, रोज त्याच जागी अडते. शिवारात ज्वारी काढायला आलेली असते. कडुलिंबाचा पाला गळून रस्त्यावर पिवळा सडा पडतो. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते आणि पेपर सुरू झाले की पोलीस ते दुकान बंद करतात. शाळेच्या फाटकावर कॉपीमुक्त परीक्षेचा फलक लागतो. आता तर कॅमेरेही आलेत. तरी भावाच्या, बहिणीच्या काळजीनं मागच्या भिंतीपाशी माणसं उभी राहतातच. मोटारसायकलवर बसून नखं कुरतडत.

मला हे दिवस आवडत नाहीत, असं म्हणण्यात अर्थ नाही. दिवस येतात.

आमचं भांडणही याच दिवसांतलं. आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापुराच्या बाजूला. नाव सांगत नाही. माझ्या दिराच्या आणि आमच्या रानाच्या मधल्या बांधावर चिंचेचं जुनं झाड होतं. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन मोजली, विहीर मोजली, झाड कुणाचं ते कुणी बोललं नाही. खोड बांधावर, निम्म्या फांद्या त्यांच्यात, निम्म्या आमच्यात. ज्याच्या रानात चिंच पडेल ती त्याची, असं चालत आलं होतं. त्या वर्षी दिराचा धाकटा मुलगा झाडावर चढला आणि आमच्या बाजूच्या फांद्या झोडपून चिंच आपल्या बाजूला ओढायला लागला. माझा मुलगा खोरं घेऊन बांधावर गेला. मंगल गेली. मी मागून गेले.

दिराचा पोरगा खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात झोडपायची काठी होती. मंगलनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. माझ्या मुलानं खोऱ्याच्या दांड्यानं मारलं. मी मागून ओरडले, "सोडू नको त्याला."

तो जीपमध्येच गेला, दवाखान्यापर्यंत पोचला नाही. लहानपणी मी त्याला पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं होतं.

आमच्याकडं मारामारीची फिर्याद दिली की समोरच्या घरातल्या सगळ्यांची नावं घालायची पद्धत आहे, पाळण्यातलं पोर तेवढं सोडायचं. घरातला कर्ता आत गेला की मागं रान कसायला कुणी राहू नये, म्हणून. त्यामुळं आमच्याकडच्या बऱ्याच बाया काही न करता तुरुंगात जाऊन येतात. तुरुंगात भेटलेल्या निम्म्या बाया मला म्हणायच्या, आम्ही तर तिथं नव्हतोच. काहींचं खरं असेल. मला तसं म्हणता येत नव्हतं. कोर्टात साक्षीदारानं माझे ते तीन शब्द जसेच्या तसे सांगितले. आमच्या वकिलानं त्याला तासभर उलटसुलट विचारून पाहिलं. तो हलला नाही. खरं बोलणारा माणूस हलत नाही. मुलाला जन्मठेप झाली, आम्हा दोघींना सात-सात वर्षं.

तुरुंगाबद्दल लोक विचारतात ते मारहाणीबद्दल. मला विचाराल तर तिथं सगळ्यात वाईट दुपार. सकाळी गिनती, मग काम, मग जेवण. संध्याकाळी पुन्हा गिनती आणि कुलूप. मधे दुपार पसरलेली असते. बाया भिंतीला टेकून बसतात आणि आपापला खटला पहिल्यापासून सांगतात. एकच गोष्ट शंभर वेळा ऐकली की तिच्यातला मेलेला माणूससुद्धा मेल्यासारखा वाटत नाही.

मी चौथी शिकलेली. आमच्या बराकीत तेवढंही कुणी फारसं नव्हतं. म्हणून माझ्याकडं पत्रं वाचायला येऊ लागली, मग अर्ज लिहायला. रजेचा अर्ज, दवाखान्याचा अर्ज, आई वारली तिच्या अकराव्याला जाऊ द्या म्हणून अर्ज. मला जोडाक्षरं नीट येत नव्हती. एका बाईच्या अर्जात मी 'कृपया'च्या जागी काहीतरी भलतंच लिहिलं, तरी तिला रजा मिळाली. त्यावरून मला कळलं की साहेब लोक अर्जाची पहिली ओळ वाचत नाहीत, शेवटची वाचतात. मग मी शेवटची ओळ नीट लिहू लागले.

मंगल आठवीतून उठवलेली. आठवीच्या परीक्षेआधी लग्न झालं आणि परीक्षेच्या दिवसांत ती उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. तुरुंगात शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. भिंतीवर लिहिलं होतं, शिक्षणानं माणूस सुधारतो. कुणी सुधारलेलं मी पाहिलं नाही. शिक्षणानं दुपार जाते, हे पाहिलं. मंगलनं आधी त्यासाठीच पुस्तक धरलं. शिलाई विभागातून सुटली की ती पाठांतर करायची आणि मी पुस्तक घेऊन समोर बसायचे. तिला काय येतं ते मला कळत नव्हतं. पण ओळीवर बोट ठेवून पुढं सरकायला चौथी पुरते. शब्द चुकला की मी बोट थांबवायचे. भूगोल, इतिहास, मराठी, विज्ञानसुद्धा आम्ही असं केलं. गणितात बोट ठेवून भागत नाही. म्हणून तिथून दहावीला बसली तेव्हा सगळे विषय सुटले आणि गणित राहिलं.

सुटून आलो ती दिवाळीनंतरची थंडी होती. गावात पाय ठेवता येणार नव्हता. रान भावकीनं कसायला घेतलेलं. आमच्या जिल्ह्यात घर सोडलेल्या माणसाला एक काम हमखास मिळतं, ऊसतोड. आम्ही दोन मुकादमांना विचारलं. मुकादमाला कोयता लागतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं आम्हाला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमी दोघी मिळून अर्धा कोयता बी न्हाई." त्याचं चूक नव्हतं. मी तेव्हा पासष्टीच्या पुढं होते.

मग दोन एसटी बदलून केज तालुक्यातल्या या गावात आलो, इथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं म्हणून. नसीमकडं खोली मिळाली. मुलगा कुठं आहे असं तिनं विचारलं. मी म्हणाले, कारखान्याला हाय, लांब, कर्नाटकात. ती बरं म्हणाली. खोटं एकदा बोललं की त्याला खायला घालावं लागतं. संक्रांतीला तो का आला नाही, फोन का करत नाही, पैसे कुणाच्या हाती पाठवतो. मी सगळ्याला उत्तरं दिली. मंगल उत्तर द्यायची नाही, चिंचेत मान घालून बसायची.

तिला शिवण येत होतं. तुरुंगात चार वर्षं मशीन चालवलं होतं, गणवेशाचा कपडा डोळे मिटून कापायची. तालुक्याला शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स होता आणि तो केला की तिथंच शिकवायला ठेवत होते. त्यांना दहावी पासचा कागद हवा होता. शिवणाचा कागद तिच्याकडं होता, पण त्यावर तुरुंगाचं नाव. तो दाखवला की समोरच्याला शिवण दिसत नाही. म्हणून सगळं त्या एका विषयावर येऊन थांबलं. गणित सुटलं तर ती तालुक्याला जाणार, नाही सुटलं तर माझ्याबरोबर चिंचेत, चिंच संपली की भुईमुगाच्या शेंगांत, आणि मी मेल्यावर एकटी.

गणित तिनं नसीमच्या जुन्या मोबाइलवर शिकलं. त्यात एक सर होते, ते बहिऱ्या माणसाला सांगावं तसं ओरडून शिकवायचे. मी चिंचेचा बत्ता थांबवून कधी कधी बघायचे. काही कळायचं नाही. क्ष म्हणजे किती, असं मी एकदा मंगलला विचारलं. ती म्हणाली, तेच काढायचं असतं आत्या. मी म्हणाले, मग आधीच का न्हाई सांगत? ती हसली. तुरुंगातून आल्यावर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

शाळेचा शिपाई गोरखनाना आमच्या गल्लीतच राहतो. त्यानं मला पाण्याचं काम दिलं आणि बजावलं, तुमच्या सुनंच्या बाकाला जायचं न्हाई, तिला तहान लागली तर मी बघीन, न्हाईतर लोक म्हणतील पाण्यातून उत्तरं पाजली.

तर, बीजगणिताचा पेपर.

मॅडम तिच्यापाशी गेल्या. खालची कागदं उचलली आणि विचारलं, हे काय आहे. मंगल उठली नाही. उठायला सांगितल्याशिवाय गिनतीतून उठायचं नसतं. वर्गावरचे सर भिंतीला चिकटून उभे होते, त्यांना आपल्या नोकरीचं पडलं असावं. मॅडमनी पुन्हा विचारलं. आवाज वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांना अजून चार शाळा करायच्या होत्या.

मला सगळं दिसत होतं. कागदं कुणाची ते दिसलं होतं, दुसऱ्या रांगेतल्या तिघांनी माझ्यासमोर टाकली होती. मंगल का बसली ते तर जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. दोन वाक्यं बोलायची होती. मी बोलले नाही.

त्या वेळी मनात काय आलं ते सांगते. खोली आली. नसीम आली. कर्नाटकातला कारखाना आला. हातातला जग आणि उद्याची रोजी आली. मंगल शेवटी आली. वर्षानुवर्षं ओळीवर बोट ठेवून जिला पाठ म्हणायला लावलं, ती शेवटी आली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिते आहे.

मग मंगलनं मान वर केली.

"मॅडम, मी गिनतीला बसले. सवय हाय. सात वर्षं जेलात होते. कागद माझे न्हाईत."

पोरं वळून बघत होती. मॅडमनी हातातली कागदं दुमडली. मग म्हणाल्या, "उठा. बाकावर बसा." पण कागद तिच्या पायाशी सापडले होते आणि नियम होता. त्यांनी तिची उत्तरपत्रिका जप्त केली, कोरी दुसरी दिली, एका फॉर्मवर तिची सही घेतली. निम्मा वेळ गेला होता. मंगलनं रेघा मारल्या, नंबर टाकला आणि पहिल्या प्रश्नापासून लिहायला लागली.

मी पुढच्या वर्गात पाणी द्यायला गेले.

घरी आलो. मंगलनं पीठ मळायला घेतलं. मी म्हणाले, मी बोलायला पायजे होतं. ती म्हणाली, हां. एवढंच. त्या 'हां'मध्ये राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गोरखनाना दारात आला आणि म्हणाला, उद्यापासून येऊ नका. मी विचारलं नाही का म्हणून. अंगणात दोन दगड रिकामे राहिले, दोन बायांनी आमच्या शेजारी बसायचं सोडलं. गल्लीतली पोरं मंगल दिसली की दोनदा टाळी वाजवायची. पहिल्या वेळी तिनं भिंत धरली. तिसऱ्या की चौथ्या वेळी ती थांबली, मागं वळली आणि जो पुढं होता त्याला म्हणाली, "परत वाजव." त्यानं वाजवली नाही. नंतर कंटाळून त्यांनी सोडून दिलं. पोरांना सगळ्याचा कंटाळा येतो, हे बरं आहे.

तिसऱ्या दिवशी नसीम माझ्या समोर दगड ओढून बसली.

"मावशी, कारखान्याला हाय म्हणत होता तुमी."

"म्हणत होते."

"मग कुठं हाय?"

"आतच हाय. जन्मठेप."

तिनं एक चिंच सोलली, शिरा ओढल्या. "किसको मारा?"

"माझ्या दिराच्या पोराला."

"आन तुमी?"

"मी मागून ओरडले, सोडू नको त्याला."

ती बराच वेळ ठोकत राहिली. मी विचारलं, खोली खाली करू का. ती म्हणाली, "मग ह्या चिंचा काय मी एकटी फोडू?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "पण खोटं बोललात ते मला पटलं न्हाई. खोली देताना मी तुमाला आमच्या मालकाची दारूसुदीक सांगितली होती." ते खरं होतं. सांगितली होती, आणि किती पितो तेही.

भूमितीचा पेपर राहिला होता. मंगल गेली. मी फाटकाबाहेर उभी राहिले, मोटारसायकलवाल्यांच्या ओळीत. आली तेव्हा मी विचारलं कसा गेला. म्हणाली, पंखा बंद होता.

चैत्रात शाळेनं निरोप पाठवला. बोर्डात बोलावलं होतं, सुनावणीला. सुनावणी हा शब्द आमच्या घरात पुन्हा आला. मंगल दोन दिवस जेवली नाही. ती म्हणाली, आत्या, जाऊन काय करू, कागद माझ्या पायाशी होते, तिथं होते तेवढंच बघत्यात. बांधावर बी तसंच झालं. मी म्हणाले, बांधावर तू काठी धरली होतीस. हितं काय धरलं होतंस? मला वाटतं माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं, की तिनं काठी धरली होती. सात वर्षांत आम्ही एकमेकींना ते म्हणालो नव्हतो.

मग मी लिहायला बसले. नसीमच्या पोरांच्या वहीतला मधला कागद घेतला. अर्ज मी खूप लिहिले होते, पण दुसऱ्यांचे. स्वतःचा पहिल्यांदाच लिहीत होते. चिंचेनं बोटं सोललेली, पेन धरला की झोंबायचं. लिहिलं ते असं: मी परीक्षेच्या दिवशी पाणी देत होते. मी तिची सासू आहे. कागद दुसऱ्या पोरांनी टाकले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ती खाली का बसली ते मला माहीत आहे, कारण मीही त्याच खटल्यात सात वर्षं शिक्षा भोगली आहे आणि टाळी ऐकल्यावर मलाही बसावंसं वाटलं. त्या वेळी मी बोलले नाही ही माझी चूक आहे. तिची नाही. शेवटची ओळ मी तीनदा लिहून पाहिली आणि मग पक्की केली.

कोणत्या पोरांनी टाकले त्यांची नावं लिहिली नाहीत. मंगलनं विचारलं का. मी म्हणाले, सगळ्या घराची नावं घालायची पद्धत मला नको.

बोर्डाच्या त्या खोलीत टेबलामागं तीन माणसं होती. आम्ही बसावं म्हणून खुर्च्या होत्या, तरी मंगल उभीच राहिली. त्यांनी माझा कागद वाचला, एकानं दुसऱ्याला दिला. मधले साहेब वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "आजी, तुम्हाला सगळं दिसत होतं तर तिथंच का नाही बोललात?"

मी म्हणाले, "एकदा बोलले त्याची सात वर्षं झाली, साहेब."

त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. मंगलला कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मग खुर्ची ओढून बसली.

निकाल लागला त्या दिवशी गल्लीत पेढे फिरले. मंगलचा निकाल राखून ठेवलेला होता. पाऊस सुरू झाला, अंगणातला चिंचेचा कचरा वाहून गेला, भुईमूग पेरला गेला. तोवर रोज संध्याकाळी ती नसीमच्या मोबाइलवर नंबर टाकून बघायची आणि मोबाइल परत द्यायची. एक दिवस तिनं परत दिला नाही. मोबाइल माझ्या हातात ठेवला. मला तेवढं वाचता येतं. गणितात काठावर पास होती.

मी चुलीवर तवा ठेवला होता तो तसाच तापत राहिला. नसीमनं भिंतीवरून विचारलं, काय झालं, मौत हुई क्या. मी म्हणाले, न्हाई, पास झाली. ती म्हणाली, मग रडायचा आवाज कुणाचा येतोय? मी म्हणाले, मला काय माहीत.

कोर्सला गेली तेव्हा मंगलनं फॉर्म देतानाच सगळं सांगितलं. लपवायला काही राहिलंच नव्हतं. तिथल्या बाईंनी दहावीचा कागद पाहिला, मग तुरुंगाचा शिवणाचा कागद पाहिला, विचार करायला दोन दिवस घेतले आणि तिला प्रवेश दिला. लोक म्हणतात शिक्षणानं डाग धुतला जातो. धुतला जात नाही. माणूस तुरुंगाचं विचारतोच. फक्त त्याच्या आधी त्याला दुसरं काहीतरी वाचायला मिळतं, आणि तेवढ्या वेळात समोरची बाई खुर्चीवर बसून घेते.

मुलाला भेटायला आम्ही सहा महिन्यांतून एकदा जातो. पास झाल्याचं सांगितलं तेव्हा तो जाळीपलीकडून म्हणाला, कितीमधी? मंगलनं मार्क सांगितले. तो म्हणाला, कमी हायत. मग स्वतःच हसला. त्याला आता तिथं वाचायची सवय लागली आहे, असं कळतं. दुपार जात असेल.

दिराच्या घरी काय चाललं आहे ते मला माहीत नाही. मेलेल्या पोराची बायको कोयत्यावर गेली की माहेरी, त्याची मुलं कितवीत आहेत, कुणाकडून तरी काढता येईल. पण ते विचारायचा माझा हक्क राहिलेला नाही. बांधावरचं झाड तोडलं एवढं कानावर आलं.

या वर्षी चिंच कमी आहे. मोहराच्या वेळी पाऊस पडला. अंगणात चारच दगड मांडलेत. भिंतीपलीकडची पोरगी दहावीला गेली, तिच्याकडून आता नद्या ऐकू येत नाहीत, समीकरणं ऐकू येतात. काल ती वही घेऊन आली आणि म्हणाली, आजी, मंगलकाकू कधी येणारेत, हे गणित सुटत न्हाई. मी म्हणाले, रविवारी. ती म्हणाली, तुमी बघा ना. मी वही हातात घेतली, बघितली आणि परत दिली.

मंगल आठवडाभर तालुक्याला खोली घेऊन राहते आणि बायांना शिवण शिकवते. तुरुंगातून आम्ही दोघी आलो होतो आणि दोघीही आहोत. ती मंगल, दहावी पास. मी कौसाबाई, चौथी पास.